बिनशिवणीची वीण

श्रोतेहो, दोरीवर वाळत घातलेला गंजीफ्रॉक एकदा हातात घ्या आणि उलटा करून पाहा. खांद्यावर शिवण दिसेल, खालच्या काठाला दुमड दिसेल. पण बगलेपासून कमरेपर्यंत, दोन्ही बाजूंना? पुष्कळ गंजीफ्रॉकांना तेथे शिवण नसतेच. सदऱ्याला बाजूची शिवण असते, पोलक्याला असते, धान्याच्या पोत्यालासुद्धा असते. मग याच कपड्याला ती का नाही? प्रश्न साधा आहे. पण ह्या शिवणीपायी एका देशात मोठा तंटा झाला, आणि त्या तंट्याने माणसांना फाशीच्या दोरापर्यंत नेले.

आधी थोडे विणीविषयी. मागावरच्या कापडात उभा ताणा असतो आणि आडवा बाणा. सुयांवरच्या विणीत तसे नसते. तेथे एकच धागा असतो. त्याचा फास करायचा, त्या फासातून दुसरा फास ओढायचा, त्यातून तिसरा. म्हणून ही वीण ताणली की ताणते आणि सोडली की पुन्हा जागेवर येते. पण तिच्यात एक उणेपणाही आहे. मधला एक टाका तुटला, की त्याच्या ओळीतले टाके शिडीच्या पायऱ्यांसारखे उसवत जातात. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढचा सगळा तंटा तिच्यावरच उभा आहे.

आता थंडीत गळ्याभोवती घालायचा लोकरीचा गोल गळपट्टा घ्या. तो दोन सुयांवर विणला, तर एक ओळ सुलट, परतताना एक ओळ उलट, असे करीत लांब पट्टी तयार होते, आणि शेवटी तिची दोन टोके शिवावी लागतात. ती शिवण नेमकी मानेला बोचते. दुसरी रीत गोल विणण्याची. टाके तीन सुयांवर वाटून घ्यायचे, पहिला टाका शेवटच्याला जोडायचा आणि चौथ्या सुईने विणू लागायचे. जोडताना टाक्यांच्या माळेला पीळ पडू द्यायचा नाही, बरं का. पडला तर सगळे उसवण्यावाचून गत्यंतर नाही. एकदा कडे जुळले, की घाण्याच्या बैलासारखे नुसते फिरत राहायचे. फेऱ्यामागून फेरा, सगळे टाके सुलट. हव्या त्या उंचीवर टाके बंद केले, की गळपट्टा तयार. शिवायला काही उरतच नाही.

ही रीत फार जुनी आहे. इजिप्तमध्ये निळ्या आणि पांढऱ्या सुताचे गोल विणलेले मोजे सापडले आहेत. ते साधारण ११ व्या ते १४ व्या शतकातले मानले जातात. जर्मनीत सन १४०० च्या सुमारास बर्ट्राम नावाच्या चित्रकाराने एका वेदीवर मेरी मातेचे चित्र रंगविले. त्यात ती बाळ येशूसाठी चार सुयांवर अंगरखा विणते आहे. येशूचा अंगरखा बिनशिवणीचा होता असे बायबलात सांगितले आहे. तसा अंगरखा कसा होतो, हे त्या चित्रकाराने घरोघरी पाहिले असले पाहिजे.

मग यंत्र आले. १५८९ साली इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली या धर्मोपदेशकाने मोजे विणण्याची चौकट तयार केली. हाताने एकेक टाका पडे, तेथे ही चौकट अख्खी ओळ एका दमात विणी. गरीब विणकऱ्यांचे पोट जाईल म्हणून एलिझाबेथ राणीने तिला पेटंट नाकारले, असे परंपरेने सांगतात. ली पुढे फ्रान्सला गेला. पण चौकट इंग्लंडात परतली, आणि नॉटिंगहॅम, लेस्टर, डर्बी या भागांतल्या घराघरांत ती खडखडू लागली.

मात्र या चौकटीच्या सुया सरळ रांगेत असत. तिला गोल विणता येत नसे. म्हणून कसबी कारागीर टाके वाढवीत, घटवीत, पोटरीच्या घाटाची सपाट वीण काढी आणि काठाला काठ जोडून मागे एक शिवण घाली. काठ पक्के असल्याने मोजा टिके. पुढे काही व्यापाऱ्यांनी स्वस्ताईचा मार्ग काढला. रुंद चौकटीवर मोठे कापड विणायचे, ते कात्रीने मोज्याच्या आकारात कापायचे आणि शिवायचे. कात्री लागली की टाके तुटले; टाके तुटले की थोड्याच दिवसांत शिवण उकलली. गिऱ्हाईक फसले, चांगल्या मोज्यांचे नाव गेले, आणि कारागिराची मजुरी उतरली. त्यातच मजुरी पैशांऐवजी मालाच्या रूपाने देण्याची चाल पडली होती.

१८११ साली नॉटिंगहॅमच्या आसपास रात्री चौकटी फुटू लागल्या. फोडणारे 'नेड लुड' या कल्पित पुढाऱ्याचे नाव घेत, म्हणून त्यांना लुडाइट म्हणू लागले. आज यंत्राचे नाव काढताच नाक मुरडणाऱ्याला इंग्रजीत हेच नाव देतात. पण पाहा, ही माणसे स्वतःच यंत्रावर काम करणारी होती! त्यांच्या चौकटी दोनशे वर्षे जुन्या घराण्यातल्या. त्या भागात त्यांनी सरसकट सगळ्या चौकटी फोडल्या नाहीत. कापीव माल काढणाऱ्या आणि मजुरी पाडणाऱ्या मालकांच्या चौकटी निवडून फोडल्या. त्यांचे भांडण यंत्राशी नव्हते. यंत्राकडून खोटे काम करून घेण्याशी होते.

१८१२ साली पार्लमेंटाने चौकट फोडणाऱ्याला देहान्ताची शिक्षा ठरविली. कवी बायरन याने उमरावांच्या सभेत आपल्या पहिल्याच भाषणात या विधेयकाला विरोध केला. तो व्यर्थ गेला. त्याच वर्षी कारागिरांनी सनदशीर मार्गाने अर्ज करून, कापीव माल बंद व्हावा म्हणून विधेयक पुढे आणविले होते. तेही उमरावांच्या सभेने फेटाळले. म्हणजे हातोडा उचलणाऱ्याला फाशी, आणि अर्ज करणाऱ्याला नकार!

आणि गंमत अशी, की शिवणीचा प्रश्न अखेर यंत्रानेच सोडविला. १८१६ साली मार्क ब्रुनेल याने सुया सरळ रांगेऐवजी वर्तुळात बसविल्या आणि गोल विणणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंडने १८४९ साली जिभेच्या सुईचे पेटंट घेतले. या सुईच्या आकड्याला लहानशी जीभ असते. टाका येताजाता ती आपोआप उघडते आणि मिटते. त्यामुळे यंत्राचा वेग वाढला. पण रीत तीच, फेऱ्यामागून फेरा. म्हातारीच्या चार सुयांची ही विद्या यंत्राला यायला दोनशेहून अधिक वर्षे लागली!

आपला गंजीफ्रॉक याच घराण्यातला. शरीराच्या मापाची नळी गोल यंत्रावर विणतात, म्हणून त्याला बाजूची शिवण लागत नाही. त्याचे नावसुद्धा इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटावरून आले असे मानतात. तेथले कोळी लोकरीचा, गोल विणलेला जाड सदरा घालून समुद्रावर जात.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हा धडा वर्गात दाखवायला खर्च नाही. एक फाटका गंजीफ्रॉक घ्या. तो मधोमध आडवा कापा आणि कापलेला काठ मुलांना दोन्ही हातांनी ताणायला सांगा. टाके भराभर सुटताना दिसतील. मग न कापलेला काठ दाखवा. नॉटिंगहॅमचे कारागीर पार्लमेंटाला काय सांगत होते, ते चौथीच्या मुलालाही कळेल.