सशाची साखर : इंजेक्शननंतरचे ४८ तास

आदली संध्याकाळ, ६ वाजता. पिंजऱ्यातला चारा काढला. उपाशी प्राण्यावर मधुमेह घडवणारं रसायन अ‍ॅलॉक्सन अधिक चालतं. रात्रभरात यकृतातला ग्लायकोजेनचा साठाही उतरेल. उद्या तोच लागणार आहे.

सकाळी ९. (वेळा प्रातिनिधिक, क्रम प्रयोगशाळांना पाठ आहे.) वजन २ किलो. अ‍ॅलॉक्सन ३०० मिलिग्रॅम, कानाच्या शिरेत. शरीराच्या उष्णतेला ते दर दीड मिनिटाला निम्मं होतं. तेवढा वेळ पुरतो. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी ग्लुकोजच्याच वाटेने त्याला आत घेतात.

१९४३ साली ग्लासगोत डन, शीहान आणि मॅक्लेची शोधत होते मूत्रपिंडाचा बिघाड. युद्धात ढिगाऱ्याखाली चिरडलेल्यांची मूत्रपिंडं बंद पडत होती. अ‍ॅलॉक्सन टोचलेल्या सशांत नासलेली आढळली ती स्वादुपिंडातली, बीटा पेशींची बेटं.

सकाळी ११. साखर चढली. इन्सुलिनचा स्राव अडला आहे.

दुपारी ३. साखर उतरली. तक्ता पाहणाऱ्याला हायसं वाटावं असा आकडा, आणि फसगत होते ती इथेच. मरणाऱ्या पेशींमधलं साठवणीचं इन्सुलिन रक्तात सांडतं आहे.

संध्याकाळी ५. ससा कलंडतो. झटके येतात. अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रिनॅलिन सोडते. यकृताने साखर द्यावी म्हणून. यकृतात फारसं काही उरलेलं नाही. पियूषिकेच्या एसीटीएचमुळे अधिवृक्काच्या बाहेरच्या थरातून स्टेरॉइड संप्रेरकं वाढतात, प्रथिनं मोडून साखर बनू लागते. हे काम सावकाश चालतं.

५:१०. ग्लुकोज टोचलं. टोचलं नसतं तर नोंद इथेच संपली असती.

दुसरा दिवस, सकाळी ९. साखर पुन्हा वर. काल प्राण वाचवायला धावलेली संप्रेरकं आजही साखर ओतत आहेत. अडवायला इन्सुलिन नाही.

तिसरा दिवस, सकाळी ९. लघवीत साखर. पाण्याचं भांडं रिकामं. मधुमेह कायमचा.

मधुमेहात पियूषिका आणि अधिवृक्क ग्रंथींचा हात ग्लासगोच्या आधीच उघड झाला होता. स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याची पियूषिकाही काढली तर मधुमेह सौम्य होतो, हे ब्वेनोस आयरेसमध्ये हौसे आणि बियासोत्ती यांनी १९३० साली दाखवलं. लाँग आणि ल्यूकन्स यांनी १९३६ मध्ये स्वादुपिंड काढलेल्या मांजरांच्या अधिवृक्क ग्रंथी काढल्या. तिथेही मधुमेह सौम्य झाला. हौसेंना १९४७ चं नोबेल मिळालं.

मात्र पियूषिका आणि स्वादुपिंड दोन्ही गमावलेला कुत्रा उपाशी राहिला, तर साखर घसरूनच मरू शकतो.