पुण्याचे फूल आणि आशियाची पंगत

आमच्या पुण्याच्या वाड्यात, अंगणाच्या दोन खांबांमध्ये कपडे वाळत घालायची दोरी होती. संध्याकाळी कपडे उतरले, की तीच आमची बॅडमिंटनची जाळी. फूल दोरीवरून गेले की खालून, यावर रोज भांडण व्हायचे आणि निवाडा द्यायचे आमचे थोरले बंधू, अण्णा. निवाडा दिल्यावर ते हमखास सांगत, "अरे, या खेळाचे जुने नावच मुळी 'पूना'!"

बढाई अगदीच पोकळ नव्हती. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि त्याला 'पूना' असेही म्हणत. पुढे इंग्लंडातील ड्यूक ऑफ बोफर्ट यांच्या 'बॅडमिंटन हाऊस' या प्रासादावरून त्याला आजचे नाव मिळाले.

पण वाचकहो, नाव आपले म्हणून खेळ आपला होतो का? या प्रश्नाचे उत्तर मला आशियाई क्रीडासामन्यांच्या इतिहासात सापडले.

पहिले सामने १९५१ साली दिल्लीत भरले. यजमान आपणच. पंगतीत काय वाढायचे, यात यजमानाचा शब्द मोठा असतो. त्या पंगतीत मैदानी खेळ होते, पोहणे होते, फुटबॉल, बास्केटबॉल, सायकल-शर्यती आणि वजन उचलणेही होते. बॅडमिंटन मात्र नव्हते! १९५४ च्या मनिलात नव्हते, १९५८ च्या टोकिओतही नव्हते. सांगलीचे नंदू नाटेकर यांनी १९५६ साली मलायातील सेलंगोरची स्पर्धा जिंकली. परदेशात असे विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या त्या ऐन बहरात आशियाच्या पंगतीत या खेळाचे पानच मांडलेले नव्हते.

ते पान मांडले जाकार्ताने, १९६२ साली. इंडोनेशियाने १९५८ आणि १९६१ असा दोनदा थॉमस चषक जिंकला होता. तिथे हा खेळ गल्लोगल्ली पोचला होता. आपल्याला आवडते ते त्यांनी पाहुण्यांना वाढले आणि सहापैकी पाच सुवर्णपदके घरातच ठेवली! तान जो होक आणि मिनार्नी हे एकेरीचे विजेते. याच यजमानाने इस्रायल आणि तैवान या दोन पाहुण्यांना मात्र दारातच अडवले. आपल्या गुरुदत्त सोंधींनी त्यावर हरकत घेतली, तेव्हा जमाव भारतीय वकिलातीवर चालून गेला. यजमानपणाला तो डाग लागला तो लागलाच. पण बॅडमिंटनचे पान तेव्हापासून कधी उचलले गेले नाही.

१९८२ साली सामने पुन्हा दिल्लीत आले. शेजाऱ्यांच्या घरी दूरदर्शनपुढे आम्ही दाटीवाटीने बसलो होतो. एकेरीत सय्यद मोदी, पुरुष दुहेरीत लेरॉय डिसा आणि आपले प्रदीप गंधे, मिश्र दुहेरीत डिसा आणि कंवल ठाकरसिंग, शिवाय पुरुषांचा व महिलांचा संघ, अशी पाच ब्राँझपदके आली. मी फणकाऱ्याने म्हणालो, "नाव पूना, आणि पाचही ब्राँझच!"

अण्णा शांतपणे म्हणाले, "कपड्यांच्या दोरीवर शिकलेल्यांनी आणखी काय आणायचे? आधी जाळी बांधा."

मला तेव्हा ते उत्तर टाळल्यासारखे वाटले. पण १९८६ साली सेऊलला पुरुष संघाने ब्राँझ मिळवले आणि त्यानंतर तब्बल अठ्ठावीस वर्षे या सामन्यांत बॅडमिंटनचे एकही पदक आले नाही. जाळी बांधणारे त्याच काळात कामाला लागले होते. प्रकाश पदुकोण यांनी १९९४ साली बंगळूरला प्रशिक्षणकेंद्र काढले, पुल्लेला गोपीचंद यांनी २००८ साली हैदराबादला. मग २०१४ साली महिला संघाचे ब्राँझ आले. २०१८ साली त्याच जाकार्तात सिंधूचे रौप्य आणि सायनाचे ब्राँझ आले. ७ ऑक्टोबर २०२३ या दिवशी चीनमधल्या हांगझोऊ शहरात मुंबईचा चिराग शेट्टी आणि आंध्रचा सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी यांनी कोरियन जोडीला २१-१८, २१-१६ असे हरवले. या खेळातले आपले पहिले आशियाई सुवर्णपदक! जाकार्ताच्या पंगतीला एकसष्ट वर्षे झाली होती.

अण्णा ते पाहायला नव्हते. शेवटचा गुण झाला, तेव्हा माझी नात टाळ्या वाजवत उठली आणि मी नकळत शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले.

वाडा आता नाही. तिथे सहा मजली इमारत उभी आहे. यंदा दिवाळीला मुलांनी मोटारींच्या जागेत खेळायला दोरी मागितली. मी बाजारात गेलो आणि जाळी घेऊन आलो.