कुमार फुटबॉलमधील नोंदपद्धती : रायगड किनाऱ्याच्या संदर्भात

१८ मार्च १९५० रोजी स्विंडन येथील सामन्याच्या मध्यंतरानंतर चार्ल्स रीप ह्या ब्रिटिश हवाईदलातील हिशेबाधिकाऱ्याने वही उघडली आणि प्रत्येक चढाईची खूण मांडण्यास प्रारंभ केला. फुटबॉलच्या पद्धतशीर नोंदीचा आरंभ बहुधा येथूनच धरला जातो. १९६८ साली बेंजामिन ह्यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्याने दाखविले की, सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांनंतर होतात. ह्यावरून चेंडू शक्य तितक्या लवकर पुढे धाडावा, असा निष्कर्ष काढण्यात आला व इंग्लंडमधील प्रशिक्षणावर त्याची छाया दीर्घकाळ राहिली. वस्तुतः त्याच्याच नोंदीनुसार नव्वद टक्क्यांहून अधिक चाली तीन पासांच्या आत संपत होत्या! तेव्हा ८० हा आकडा आखूड चालींच्या बाजूचा नव्हे, तर विरुद्ध पुरावा ठरतो. आकडे खरे होते; भागाकार राहिला होता.

तथापि नोंदीवाचून प्रशिक्षकाचे चालत नाही. फ्रँक्स आणि मिलर ह्यांच्या १९८६ च्या प्रयोगात पाहिलेल्या खेळातील निम्म्याहूनही कमी घटना प्रशिक्षकांना अचूक आठवल्या.

रायगड जिल्ह्याच्या उत्तर सीमेलगत ही विद्या अलीकडे येऊन पोहोचली. २०१५ साली नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनची निवासी कुमार अकादमी सुरू झाली. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे काही सामने नेरूळ येथे झाले. अंगावर बांधावयाच्या मापनयंत्रांना सामन्यात मुभाही फिफाने २०१५ मध्येच दिली. परंतु मुलांच्या बाबतीत रीपचाच प्रमाद नव्या रूपाने संभवतो. एकाच वयोगटातील जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्याहून जवळजवळ वर्षाने मोठा असतो. त्याची धाव अधिक भरली, तर ते कौशल्य की केवळ वाढ? ह्याच शंकेपोटी २०१५ साली इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगने वयाऐवजी शारीरिक वाढीच्या टप्प्यानुसार संघ पाडून कुमारांची स्पर्धा घेतली.

किनाऱ्यावर आणखी एक अडचण उद्भवते. अलिबाग, रेवदंडा किंवा मुरूड येथे ओहोटीला मोकळी होणारी पुळण हेच पुष्कळ मुलांचे मैदान होय. लेजून प्रभृतींच्या १९९८ च्या मापनानुसार वाळूवर धावण्यास कठीण भूमीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते. त्यातही भरतीरेषेजवळची कोरडी वाळू आणि पाण्यालगतची घट्ट ओली वाळू ह्यांत महदंतर आहे. अशा मुलाचे अंतर व वेग अकादमीच्या हिरवळीवरील आकड्यांशेजारी ठेवून त्यास मंद ठरविणे अन्यायाचे होईल, आणि निवडीच्या वेळी असा अन्याय दुरुस्त होत नसतो. चेंडू मिळण्यापूर्वी त्याने मान वळवून पाहिले की नाही, पास आपल्या गड्याकडे पोहोचला की नाही, चेंडू गमावल्यावर तो परत फिरला की नाही, ह्या गोष्टी मात्र वाळूवरही मोजता येतात. त्यासाठी कडेला बसलेला एक राखीव खेळाडू, वही व पेन्सिल पुरते. पानाच्या माथ्यावर मुलाची जन्मतारीख आणि ओहोटीची वेळ तेवढी लिहिलेली असावी.