घळींच्या देशात सावकाश

गेल्या पावसाळ्यात, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे एकदाचे हातावेगळे झाल्यावर, आम्ही एका प्रवासाची आखणी करायला बसलो. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो, दोघांनाही छायाचित्रणाचा जुना नाद आहे, आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडचा तो तांबडा, भेगाळलेला मुलूख कित्येक वर्षे मनात घर करून आहे. लास व्हेगासला उतरायचे, भाड्याची मोटार घ्यायची. मग झायन, कॅनॅब, पेज, मॉन्युमेंट व्हॅली, चिनली आणि शेवटी ग्रँड कॅनियन. घाई करायची नाही, एका मुक्कामी किमान दोन रात्री काढायच्या, सकाळचा आणि संध्याकाळचा उजेड मिळेल तेवढा घ्यायचा, एवढेच आम्ही ठरवले होते. मात्र चित्रे कुठे उभे राहून घ्यायची याची यादी करू लागलो आणि लक्षात आले, की ती यादी आमच्याआधीच तयार होती. ती सुमारे दीडशे वर्षांपूर्वी, खेचरांच्या पाठीवर काचा लादून हिंडणाऱ्या काही माणसांनी केली होती. नकाशा बाजूला राहिला आणि आम्ही त्या माणसांच्या मागे लागलो.

मेजर जॉन वेस्ली पॉवेल हा एका हाताचा माणूस. त्याचा उजवा हात १८६२ मध्ये शायलोच्या लढाईत गेला होता. २४ मे १८६९ रोजी तो दहा जणांनिशी कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यात शिरला आणि ३० ऑगस्टला सहा जणांनिशी बाहेर पडला. या पहिल्या मोहिमेबरोबर छायाचित्रकार नव्हता. १८७१ साली पॉवेल पुन्हा निघाला तेव्हा मात्र त्याने ई. ओ. बीमन नावाच्या व्यावसायिक छायाचित्रकाराला बरोबर घेतले. बीमन काही महिन्यांनी सोडून गेला. त्याच्या जागी आलेला फेनेमोर आजारी पडला. अखेर काम आले ते होडी वल्हवण्यासाठी घेतलेल्या जॅक हिलर्सकडे. जन्माने जर्मन असलेला हा वल्हेकरी वाटेतच, पाहता पाहता, छायाचित्रण शिकला आणि पुढे अमेरिकन सरकारच्या भूगर्भ सर्वेक्षणाचा नामांकित छायाचित्रकार झाला. पायूट लोकांनी त्याला एक नाव दिले होते. त्याचा अर्थ होतो ‘पाण्यातला मी’. काचेवर उमटलेली प्रतिमा पाहून पाण्यातले प्रतिबिंब आठवणे स्वाभाविकच आहे. तरीही छायाचित्रकारासाठी याहून नेमके नाव आमच्या वाचनात नाही.

त्या काळचे छायाचित्रण म्हणजे काय प्रकार होता, हे थोडे सविस्तर सांगायला हवे. कारण ‘सावकाश प्रवास’ या आमच्या शौकाची खरी वंशावळ तिथे आहे. काचेच्या तुकड्यावर कलोडियनचा चिकट थर पसरायचा, ती काच अंधाऱ्या तंबूत सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. चित्र घेऊन झाले की थर सुकण्याच्या आत पुन्हा तंबूत धावत जाऊन ती धुवायची. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत उरकायचे. वाळवंटी हवेत तर त्याहूनही लवकर, कारण तिथे ओलसरपणा टिकतच नाही. धूळ उडाली की चित्र गेले. पाणी गढूळ असले तरी गेले. म्हणजे एका चित्रासाठी एक अख्खी अंधारखोली उभारायची आणि मोडायची. दिवसाकाठी मोजकीच चित्रे होत, आणि म्हणून कुठे थांबायचे याचा विचार फार आधी करावा लागे. आम्ही ज्याला निवांतपणा म्हणतो, तो त्यांच्यासाठी सक्तीचा होता.

टिमथी ओसलिव्हनचे १८६७ सालचे एक चित्र प्रसिद्ध आहे. नेवाडातल्या वाळूच्या टेकड्यांत चार खेचरांची एक गाडी उभी आहे. तीच त्याची अंधारखोली. गाडीपासून कॅमेऱ्याकडे वाळूत पावलांचे ठसे आलेले दिसतात. ओसलिव्हनने स्वतःला चित्रात घेतलेले नाही, पण तो गाडीतून उतरून इथवर चालत आला हे मात्र काचेवर राहिले आहे. हाच माणूस चार वर्षांपूर्वी गेटिसबर्गच्या रणांगणावर प्रेतांची चित्रे घेत होता. १८७१ मध्ये तो लेफ्टनंट व्हीलरच्या मोहिमेबरोबर कोलोरॅडोच्या प्रवाहाविरुद्ध वर गेला. त्याच्या होडीचे नावच ‘पिक्चर’ होते. त्या फेरीतल्या बहुतेक काचा वॉशिंग्टनला पोचण्याआधीच नष्ट झाल्या. १८८२ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, तो क्षयाने गेला. आज आमचे वय तेच आहे, हे लिहिताना जाणवले. असो.

आमच्या यादीतले सर्वांत महत्त्वाचे ठिकाण ओसलिव्हननेच ठरवून दिले आहे. ॲरिझोनाच्या ईशान्येला कॅनियन द शे नावाची घळ आहे. नावाचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे, आणि भाषेच्या शिक्षकांना तो टाळून पुढे जाता येत नाही. नॅव्हाहो भाषेत ‘त्सेयी’ म्हणजे खडकाच्या आत, खडकांमधली घळ. स्पॅनिशांनी त्याचे ‘चेली’ केले, इंग्रजीत लेखन तेच राहिले आणि उच्चार ‘शे’ झाला. म्हणजे ‘कॅनियन द शे’ म्हणताना आपण ‘घळीची घळ’ म्हणत असतो! १८७३ साली ओसलिव्हनने इथे ‘व्हाइट हाउस’ या प्राचीन वास्तूच्या अवशेषांचे चित्र घेतले. उभ्या, काळसर ओघळांनी रेघाळलेल्या प्रचंड कड्याच्या पोटात एक कपार आहे आणि त्या कपारीत पांढुरकी घरे. नीट पाहिले तर मुंगीएवढी माणसे दिसतात आणि कड्याचे आकारमान एकदम अंगावर येते. चित्राखालच्या मजकुरात हा प्रदेश न्यू मेक्सिकोत टाकला आहे, आणि घरे घळीच्या तळापासून ५० फूट उंचावर असल्याची नोंद आहे. सर्वेक्षणाचे चित्र असल्याने उंची दिली आहे. ती घरे कोणाची, घळीत आता कोण राहते, याबद्दल अवाक्षर नाही.

इथे आमचा निवांतपणा पहिल्यांदा ढळला. ते चित्र आम्ही कैक वर्षे ‘आदिम, निर्मनुष्य शांतता’ अशा शब्दांत वाखाणत आलो होतो. एका दिवाळी अंकासाठी तसे लिहिलेही होते. पण तारखा शेजारी शेजारी मांडल्यावर काय दिसते? जानेवारी १८६४ मध्ये किट कार्सनच्या फौजा याच घळीत शिरल्या. नॅव्हाहोंची घरे, धान्य, मेंढ्या यांची नासधूस झाली. त्याच वर्षी घळीतल्या पीचच्या बागा, हजारो झाडे, तोडून टाकण्यात आल्या. आठ हजारांहून अधिक माणसांना शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्के रेडोंडो येथे नेऊन डांबले. नॅव्हाहो या पायपिटीला ‘लाँग वॉक’ म्हणतात. वाटेत आणि छावणीत किती मेले याची मोजदाद आजही वादाची आहे. १ जून १८६८ च्या तहानंतर त्यांना परत येऊ दिले. मुळातून उखडलेला समाज आपल्याच मुलखात पुन्हा परतून आला, हे त्या इतिहासात विरळा. म्हणजे ओसलिव्हनने काच ओली केली तेव्हा ती माणसे परतून जेमतेम पाच वर्षे झाली होती. ती शांतता आदिम नव्हती.

ओसलिव्हनवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगायला हवे, की त्याच वर्षी त्याने जुन्या फोर्ट डिफायन्सजवळ मागावर बसलेल्या नॅव्हाहो विणकरणीचे व तिच्या आप्तांचे चित्र घेतले आहे. ती माणसे नटवलेली वाटत नाहीत. याउलट आमच्या लाडक्या हिलर्सच्या पायूट चित्रांत अनेकांच्या अंगावर जे कातडी पोशाख दिसतात, ते पॉवेलने दुसऱ्याच जमातीकडून आणवून त्यांना घालायला दिले होते. पूर्वेकडच्या प्रेक्षकाला ‘इंडियन’ ओळखू यायला हवा ना! पुढे १९०४ साली एडवर्ड कर्टिसने कॅनियन द शेच्या कड्याखालून जाणारे सात घोडेस्वार आणि एक कुत्रा टिपला. चित्र देखणे आहे, वादच नाही. पण नॅव्हाहो म्हणजे अस्ताला चाललेला वंश, ही कर्टिसची ठाम समजूत त्यात मुरलेली आहे. आज नॅव्हाहोंची संख्या काही लाखांत आहे.

ओसलिव्हननंतर सुमारे सात दशकांनी अॅन्सेल ॲडम्सने जवळपास त्याच जागेवरून, जवळपास त्याच उजेडात व्हाइट हाउसचे चित्र घेतले. ओसलिव्हनच्या मूळ चित्रांचा अल्बम त्याच्या संग्रही होता, तरी आपण तिथेच उभे राहिलो हे त्याला नंतर उमगले, असे म्हणतात. आम्हाला ते पटते. ज्याने ते जुने चित्र मनापासून पाहिले आहे त्याचे पाय आपोआप तिथेच थांबणार. १९७७ ते १९७९ या काळात मार्क क्लेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तर अशा जुन्या जागा मुद्दाम शोधून, त्याच घटकेला, तीच चौकट पुन्हा टिपण्याचा उद्योग केला. त्यात एक गंमत उघडकीला आली. युटामधल्या ‘विचेस रॉक्स’ या सुळक्यांचे चित्र घेताना ओसलिव्हनने कॅमेरा चक्क तिरपा धरला होता! क्षितिज सरळ असते तर सुळके इतके अद्भुत दिसले नसते. सरकारी सर्वेक्षणाच्या पुराव्यातही कलावंत असा डोकावतो.

ग्रँड कॅनियनच्या बाबतीत आम्हाला वेगळाच अडथळा आला, आणि तो घरचा होता. नकाशावर बोट फिरवताना विष्णू टेंपल, शिवा टेंपल, ब्रह्मा टेंपल, पुढे कृष्णा श्राइन आणि रामा श्राइन! क्लॅरन्स डटन या लष्करी अधिकाऱ्याने आणि भूवैज्ञानिकाने १८८२ साली या दरीवर ग्रंथ लिहिला. तिच्यातले सुळके त्याला पौर्वात्य देवळांच्या शिखरांसारखे भासले. त्यातून विष्णू आणि शिव नकाशावर आले आणि तो पायंडाच पडला. दरीच्या तळाशी असलेल्या, सुमारे १७५ कोटी वर्षे जुन्या खडकालाही विष्णू शिस्ट म्हणतात. प्रथम आम्ही सुखावलो, खोटे कशाला बोला. मग मनात आले, की या दरीत हावासुपाई, हुआलापाई, होपी यांची आपापली नावे नांदत होती. ती नकाशावर फारशी आली नाहीत आणि ज्यांनी ही दरी कधी पाहिली नाही त्यांचे देव मात्र आले. झायनचेही तेच. १९०९ मध्ये त्याला ‘मुकुंटुवीप’ या पायूट नावाने संरक्षण मिळाले होते. १९१८ मध्ये ते नाव काढून बायबलमधले आणले गेले.

दक्षिण काठावर कोल्ब बंधूंचा स्टुडिओ आहे, तो मात्र चुकवायचा नाही. एल्सवर्थ आणि एमरी हे भाऊ खेचरांवर बसून दरीत उतरणाऱ्या पर्यटकांची चित्रे विकत. काठावर स्वच्छ पाणी नव्हते. म्हणून चित्र घेतले की एमरी साडेचार मैल, तीन हजार फूट, खाली धावत जाई, झऱ्याच्या पाण्यावर काचा धुवून पुन्हा वर येई, आणि पर्यटक परतण्याच्या आत चित्रे तयार असत. त्या झऱ्याच्या जागेला ‘इंडियन गार्डन’ म्हणत. तिथे शेती करणाऱ्या शेवटच्या हावासुपाईंना १९२८ मध्ये हाकलण्यात आले. २०२२ साली जागेचे नाव ‘हावासुपाई गार्डन्स’ झाले. उत्तर काठावरचे जुने लॉज जुलै २०२५ च्या वणव्यात जळाले, त्यामुळे तो काठ आम्ही यादीतून काढला.

खरा वाद झाला तो पेजच्या मुक्कामावरून. तिथले अँटेलोप कॅनियन, ती वाळूच्या खडकाची लाटालाटांची अरुंद कपार, आता जगभरच्या भिंतींवर टांगलेली आहे. आमच्यातल्या एकाला ती हवी होती. दुसऱ्याचे म्हणणे, की ते चित्र आपण घेण्याची गरज उरलेली नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी कित्येक मैल दूर झालेल्या पावसाचा लोंढा त्या कपारीत शिरला आणि अकरा पर्यटक मेले. वरचे आकाश कोरडे होते. आता नॅव्हाहो मार्गदर्शकाशिवाय आत जाता येत नाही, आणि आत रेंगाळताही येत नाही. म्हणजे सावकाश प्रवासाला ती जागा नाहीच. पेजला आम्ही एक दिवस ठेवला आहे, तो ग्लेन कॅनियनसाठी. पॉवेलने नाव दिलेली ही घळ १९६३ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाल्यावर बुडू लागली. त्याच वर्षी एलियट पोर्टरच्या रंगीत चित्रांचे पुस्तक निघाले; तिला वाचवायला ते उशिरा पोचले. गेल्या पंचवीस वर्षांच्या अवर्षणात पाणी ओसरत गेले आणि ‘कॅथीड्रल इन द डेझर्ट’ ही पोर्टरने टिपलेली कपार २००५ मध्ये, आणि पुन्हा २०२१ नंतर, वर आली. पाण्याने उमटवलेला पांढरा पट्टा अंगावर घेऊन ती आता उभी आहे. आम्हाला तो पट्टा पाहायचा आहे.

चिनलीला, म्हणजे कॅनियन द शेच्या तोंडाशी, आम्ही चार रात्री ठेवल्या आहेत. घळ नॅव्हाहोंच्या मालकीची आहे. १९३१ पासून ती राष्ट्रीय स्मारक असली तरी तळाशी आजही कुटुंबे राहतात, शेते आहेत, पीचची झाडे आहेत. काठावरून कुणालाही पाहता येते. तळाशी उतरायचे तर नॅव्हाहो मार्गदर्शक हवा, आणि माणसांचे वा घरांचे चित्र घ्यायचे तर त्यांची परवानगी हवी. आणखी एक कटकट आहे. उन्हाळी वेळेच्या महिन्यांत नॅव्हाहो मुलखाचे घड्याळ उरलेल्या ॲरिझोनाच्या तासभर पुढे असते, त्यामुळे ऑक्टोबरच्या अखेरीस सूर्योदयाच्या वेळा काढताना आम्ही दोनदा चुकलो.

ओसलिव्हनच्या जागी तिवई रोवायची की नाही, यावर आमचे अजून एकमत नाही. तूर्त एका मार्गदर्शकाला पत्र पाठवले आहे. दिवस कोणते, मोटार कुठवर येते, हे विचारून झाल्यावर खाली एक ओळ जास्तीची लिहिली: व्हाइट हाउसच्या समोर उभे राहिल्यावर, कड्याकडे पाठ केली तर काय दिसते? उत्तर यायचे आहे. तोवर त्या चार रात्रींपुढे पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे.