प्रवाळांचा साक्षीदार कोण?

आज लक्षद्वीपला, तेही पाण्याखाली जाऊ. प्रश्न मात्र इतिहासाचाच आहे: एखादी जागा पूर्वी कशी होती, हे कुणाच्या साक्षीवरून ठरवायचं?

प्रवाळांचे साक्षीदार फार उशिरा आले. केंब्रिजचे स्टॅन्ली गार्डिनर १८९९ साली मिनिकॉयला आले. त्यांच्या मोहिमेचे जाडजूड खंड निघाले, पण पाठीवर हवेची टाकी बांधून खाली उतरण्याची सोय तेव्हा नव्हती. तळावरून जाळं ओढायचं आणि वर येईल ते तपासायचं. कुस्तो आणि गान्याँ यांनी फ्रान्समध्ये ॲक्वालंग तयार केलं ते १९४३ साली. आपल्याकडे हौशी डायव्हर आले ते त्याच्याही कित्येक वर्षांनी.

मग १९९८ उजाडलं. एल निनोमुळे समुद्र तापला. प्रवाळांच्या शरीरात राहून त्यांना अन्न आणि रंग देणारं सूक्ष्म शैवाल निघून गेलं. प्रवाळ पांढरे पडले, पुष्कळ मेले. २०१० आणि २०१६ मध्ये पुन्हा तेच. आगत्ती, कदमत आणि कवरत्ती इथल्या दीर्घकाळच्या मोजणीत जिवंत प्रवाळांचं प्रमाण १९९८ मध्ये सुमारे ३७ टक्के होतं, २०२२ मध्ये १९च्या आसपास.

आता बोटीवर परतलेल्या पर्यटकाला विचारा. ‘एकदम झकास!’ तो खोटं बोलत नाही. त्याने नितळ पाणी पाहिलं, कासव पाहिलं, माशांचे थवे पाहिले. गंमत म्हणजे मेलेल्या प्रवाळांवर शेवाळ धरतं आणि ते खायला पोपटमासे, सर्जनमासे जमतात. ते हवेतच, कारण शेवाळ आटोक्यात राहिलं तरच नवे प्रवाळ रुजतात. पण माशांच्या त्या गर्दीत खालचा सांगाडा दिसत नाही.

मत्स्यशास्त्रज्ञ डॅनिएल पॉली यांनी १९९५ मध्ये यामागचं कारण नेमकं पकडलं होतं: प्रत्येक पिढी कामाला लागते तेव्हा जे पाहते, त्यालाच मूळ स्थिती मानते. २०१८ मध्ये पहिल्यांदा उतरलेल्या डायव्हरच्या लेखी २०१८ हाच ‘पूर्वीचा काळ’.

म्हणून मला पर्यटकांनी दिलेल्या ताऱ्यांपेक्षा जुन्या फोटोंचं मोल जास्त वाटतं. तुमच्यापैकी कुणाकडे १९९८ च्या आधीचे लक्षद्वीपचे किंवा अंदमानचे पाण्याखालचे फोटो असतील, तर आजच मागे लिहून ठेवा: तारीख, बेट, खोली.