श्रीलंकेतील पहिली सार्वत्रिक निवडणूक (१९३१)

सिलोन (विद्यमान श्रीलंका) या ब्रिटिश वसाहतीत सार्वत्रिक प्रौढ मताधिकारानुसार झालेली पहिली निवडणूक. जून १९३१ मध्ये पार पडलेल्या या निवडणुकीने आशियातील वसाहतींत सार्वत्रिक मतदानाचा पायंडा पाडला. तथापि मतदार कोणास मानावे, हा प्रश्न तिने सुटला नाही.

तत्पूर्वी उत्पन्न, मालमत्ता व साक्षरता यांच्या अटींमुळे सुमारे ४ टक्के लोकांनाच मताधिकार होता. स्त्रियांना तो नव्हता. १९२७ मध्ये नेमलेल्या डोनमोर आयोगाने जमातवार प्रतिनिधित्व रद्द करून मताधिकार व्यापक करण्याची शिफारस केली. स्त्रियांसाठी आयोगाने ३० वर्षांची अट सुचविली होती. अखेरीस स्त्री-पुरुष दोघांसाठीही २१ वर्षे हीच वयोमर्यादा ठरली. बहुतेक प्रस्थापित नेते या विस्ताराबाबत साशंक होते. ए. ई. गुणसिंह यांची कामगार चळवळ व स्त्री मताधिकार संघ यांनी मात्र त्याचा पुरस्कार केला.

नव्या राज्यमंडळात ५० निर्वाचित, ८ नियुक्त व ३ अधिकारी सदस्य होते. सात कार्यकारी समित्यांचे निर्वाचित अध्यक्ष मंत्री झाले. अर्थ, विधी, संरक्षण व परराष्ट्रव्यवहार ही खाती मात्र अधिकाऱ्यांकडेच राहिली. पूर्ण स्वराज्य न मिळाल्याच्या निषेधार्थ जाफना युवक काँग्रेसने बहिष्कार पुकारला. त्यामुळे उत्तरेकडील चार जागा १९३४ पर्यंत रिक्त राहिल्या. संख्याबळास आलेले महत्त्व पाहून अल्पसंख्याकांची चिंता वाढली. १९३६ मध्ये सर्व मंत्री सिंहली असलेले मंडळ बनल्याने ती बळावली.

नव्या मतदारांचा प्रभाव धोरणांवरही पडला. शिक्षणमंत्री सी. डब्ल्यू. डब्ल्यू. कन्नंगर यांची मोफत शिक्षण योजना १९४५ मध्ये अंमलात आली.

चहामळ्यांतील भारतीय तमिळ मजुरांना मात्र कायम वास्तव्याचा पुरावा द्यावा लागे. तरीही त्यांच्यापैकी अनेकांना मत मिळाले आणि पेरी सुंदरम् हे मंत्रीही झाले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने व १९४९ च्या निवडणूक कायद्यातील दुरुस्तीने त्यांच्यापैकी बहुतेकांचा मताधिकार हिरावला गेला. परकीय राजवटीत मिळालेले मत स्वराज्यात गमावण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. उरलेल्या नागरिकत्वहीन मजुरांना नागरिकत्व देणारा कायदा २००३ मध्ये संमत झाला.