पगार झाला म्हणजे काय झालं?

मागं एकदा आमच्या सूतगिरणीत पगार दीड महिना लांबला. माणसं गेटवर जमली. साहेब बाहेर आले, हात वर केला, म्हणाले, "आधी शांत व्हा. मग पगाराचं बघू." मी रिंगखात्यातला कामगार. नववीनंतरची माझी शाळा म्हणजे वाचनालय. साहेबांचं ऐकून मला तिथंच हसू आलं. का, ते सांगतो.

पगार हा शब्द आपल्याकडं पोर्तुगीजांनी आणला. त्याची मुळी मात्र रोमन लोकांच्या लॅटिनमध्ये. तिथं 'पाक्स' म्हणजे शांती आणि 'पाकारे' म्हणजे शांत करणं. कुणाला? जो ऐकत नाही त्याला. ऑगस्टस बादशहानं आपल्या कर्तबगारीचा लेख तयार केला. तुर्कस्तानात अंकाऱ्याला एका देवळाच्या भिंतीवर तो अजून आहे. त्यात तो सांगतो, मी समुद्र शांत केला, गॉल शांत केलं, स्पेन शांत केलं. म्हणजे तलवार चालवली. स्पेन-गॉलहून तो परतला तेव्हा रोमच्या सिनेटनं इ. स. पू. १३ मध्ये शांतीची वेदी बांधायचा ठराव केला. मेलेला माणूसही शांतच असतो, हे काही त्या वेदीवर कोरलेलं नाही.

पुढं रोमच्या उतरत्या काळात आणि त्यानंतर हाच शब्द लोकांच्या तोंडी बाजारात उतरला. ज्याचं देणं थकलंय तो दारात येऊन बसतो, तणतण करतो. त्याच्या हातावर पैसे ठेवले की शांत होतो. तर पैसे चुकते करणं म्हणजेच 'पाकारे'. दोस्तहो, इथं जरा थांबा. तलवारीच्या अर्थात शांत करणारा वरचढ होता. पैशाच्या अर्थात शांत करणारा देणेकरी आहे, आणि तणतण करणारा हक्कदार. शब्द तोच, माणसांच्या जागा पालटल्या.

मग ज्यानं त्यानं तो आपापल्या जिभेवर घोळला. इटलीत पागारे. स्पेनमध्ये पागार. मधला 'क' घासून 'ग' झाला. फ्रेंचांनी तो 'ग' पण गिळला, त्यांचं झालं पेये. १०६६ साली नॉर्मंडीवाल्यांनी इंग्लंड जिंकलं, त्यांची फ्रेंच तिथं मुरली आणि इंग्रजीत 'पे' आलं. तेव्हा आपली पे-स्लिप आणि आपला पगार एकाच आजीची नातवंडं, वेगवेगळ्या बोटींतून उतरलेली.

रुमानियाची भाषाही लॅटिनचीच लेक. पण तिथं 'इंपका' म्हणजे भांडणाऱ्यांचा समेट करणं. पैसे देण्यासाठी त्यांनी शब्द घेतला तो स्लाव लोकांकडून. बास्क भाषेचं लॅटिनशी नातंच नाही, तरी तिनं दोन्ही उचलले: 'बाके' म्हणजे शांती, 'पागातू' म्हणजे पैसे चुकवणं. सगळ्यात गंमत डचांची. त्यांनी जुन्या फ्रेंचातून 'पायन' घेतला. त्याचा आजचा अर्थ, गोड बोलून समजूत काढणं. पैसे गळाले, गप्प करणं तेवढं उरलं. आमच्या साहेबांना डच येत असावी.

आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीज आले. १५१० साली गोवा घेतला, १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून वसई आणि मुंबईची बेटं. पाव, बटाटा, चावी, मेस्त्री हे त्यांच्याकडचे शब्द. तुरुंगही त्यांचाच. त्यांच्याकडं 'त्रोंकु' म्हणजे झाडाचा ओंडका, आणि कैद्याचे पाय अडकवायचा खोडासुद्धा. गोव्याचे पाद्री सेबास्तियांव रोदोल्फ दालगादो यांनी आशियाई भाषांतले असे शब्द हुडकून १९१३ साली मोठा ग्रंथ छापला. मराठी-कोकणीतला पगारही त्यात आहे.

पण पोर्तुगीजात पगार हे क्रियापद आहे. पैसे देणं. ते करायला कुणीतरी कर्ता लागतो. आपण त्याचं नाम केलं. आता पगार 'होतो', जसा पाऊस होतो. 'मिळतो', 'थकतो', 'कापला जातो'. देणारा वाक्यातून पसार. थकवणाराही पसार.

माझा आजा गावकीत राबला. त्याला बलुतं होतं. म्हणायला हक्काचं, पण घ्यायचं खळ्यावर उभं राहून, हात पसरून, वाढतील तेवढं. मग तो मुंबईला गिरणीत लागला. पहिल्या पगाराच्या नोटा त्यानं खिडकीसमोर उभं राहूनच मोजल्या. मागं रांग ओरडत होती, तरी दोनदा मोजल्या. आजी हे सांगायची तेव्हा रक्कम तिला आठवायची नाही, दोनदा मोजल्याचं आठवायचं.

गेटवर मी एवढंच म्हणालो, "साहेब, क्रम चुकला. आधी पगार, मग शांती. महिनाभराचं काम आम्ही तुम्हाला उधार दिलंय." साहेबांना काय कळलं कोण जाणे. शेजारी वाइंडिंगचे काका होते. त्यांना लॅटिन येत नाही. ते मागं वळून म्हणाले, "तिसऱ्या पाळीला कुणी आत जायचं न्हाय."